गळा तिचा, हुकूम कंपनीचा

माझ्याकडे गाणं शिकणाऱ्या मुलांचे आईवडील हल्ली अधूनमधून छापील करार घेऊन येतात. मुलगी स्पर्धेत चमकलेली असते, कुठल्याशा म्युझिक कंपनीचा फोन आलेला असतो. ‘‘बाई, पैसे बरे देतायत, सही करू ना?’’ मी वकील नाही, म्हणून वकिलाला दाखवा असं सांगतेच. पण त्याआधी जोजो या अमेरिकन गायिकेची हकिकत ऐकवते.

ही मॅसॅच्युसेट्समधल्या फॉक्सबरोची मुलगी. वयाच्या 12व्या वर्षी ‘ब्लॅकग्राउंड’ कंपनीशी करारबद्ध झाली. 2004मध्ये तिचं ‘लीव्ह (गेट आउट)’ अमेरिकन पॉप रेडिओच्या यादीत पहिलं आलं, तेव्हा ती 13 वर्षांची होती. इतक्या लहान वयात एकटीच्या गाण्यावर त्या यादीत पहिलं स्थान तोवर कुणी मिळवलं नव्हतं. 2006मध्ये दुसरा अल्बम आला, ‘द हाय रोड’. तोही गाजला. तिसरा अल्बम आला 2016मध्ये.

मधली दहा वर्षं ती घरी बसली नव्हती. गाणी लिहीत होती, स्टुडिओत गात होती. तिसऱ्या अल्बमची नावंसुद्धा ठरली आणि बदलली. पण कंपनी तो बाजारात आणेना आणि दुसऱ्या कंपनीकडे जाऊही देईना. शेवटी 2010 आणि 2012मध्ये तिने स्वतःची गाणी इंटरनेटवर फुकट वाटून टाकली. निदान लोकांच्या कानावर तरी पडावीत!

हे होतं कसं? करारात बहुधा एक कलम असतं: गायिका फक्त याच कंपनीसाठी गाईल. कंपनी आगाऊ रक्कम देते, ध्वनिमुद्रणाचा खर्च करते, म्हणून तिला ही हमी हवी असते, आणि त्यात गैर काही नाही. पण अल्बम गाऊन झाल्यावर तो ठरावीक मुदतीत प्रकाशित करायला कंपनी बांधलेली आहे, असं उलट्या बाजूचं कलम नसेल तर सगळा तोल जातो. जाहिरात आणि वितरण हा मोठा खर्च असतो. कंपनीला गाणं चालेल असं वाटलं नाही, तिचा वितरकाशी बिघाड झाला, तिथली माणसं बदलली, की अल्बम अडकतो. शेत खंडाने घ्यायचं, पेरायचं नाही आणि मालकालाही पेरू द्यायचं नाही, असा हा प्रकार.

जोजोने 2013मध्ये कोर्टात धाव घेतली. न्यूयॉर्कच्या कायद्यात अल्पवयीन कलाकाराच्या कराराला सात वर्षांची मर्यादा आहे, हा तिचा मुद्दा होता. 2014च्या सुरुवातीला ती मोकळी झाली. तिसरा अल्बम ‘मॅड लव्ह’ बिलबोर्डच्या यादीत थेट सहाव्या क्रमांकावर उतरला. इतकी वर्षं लोटली तरी लोक तिला ऐकायला तयार होते.

तरीही पहिले दोन अल्बम तिचे नव्हते. मूळ ध्वनिमुद्रण, म्हणजे ‘मास्टर’, कंपनीच्या मालकीचं होतं आणि कित्येक वर्षं ते स्ट्रीमिंगवर मिळतच नव्हतं. गाण्याच्या चाली-शब्दांचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. त्यामुळे तिने दोन्ही अल्बम नव्याने गाऊन डिसेंबर 2018मध्ये प्रकाशित केले. टेलर स्विफ्टने हाच मार्ग 2021पासून चोखाळला.

गाणं शिकवणारी म्हणून मला इथे सर्वांत जास्त हळहळ वाटते. दुसऱ्या अल्बमच्या वेळी जोजो 15 वर्षांची होती, तिसऱ्याच्या वेळी 25. गळा घडण्याची हीच वर्षं. आवाज भरतो, दमसास वाढतो, गाण्यातला अर्थ उमगू लागतो. कराराची भरपाई पैशांत होईल. अठराव्या वर्षीचा आवाज पंचविसाव्या वर्षी कुठून आणायचा?

आपल्याकडे 18 वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने ग्राह्य धरला जात नाही, म्हणून सही आईवडिलांची असते. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता मानला जातो तो निर्माता. मात्र याच कायद्याच्या 19व्या कलमात एक मोलाची तरतूद आहे: ज्याच्या नावे हक्क लिहून दिले, त्याने ते वर्षभरात वापरलेच नाहीत, तर ते हस्तांतरण रद्द झालं असं मानलं जातं. पण त्यालाच एक शेपूट जोडलेलं आहे, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. एका ओळीत ही तरतूद निकामी करता येते.

म्हणून मी पालकांना सांगते, रकमेचा आकडा शेवटी बघा. आधी शोधा, गाणं किती महिन्यांत प्रकाशित करायचं हे लिहिलंय का, आणि नाही केलं तर मुलगी मोकळी होते का. 19व्या कलमाचं संरक्षण सोडल्याची ओळ कुठे दडली असेल तर ती खोडायला लावा. कंपनी नाही म्हणाली तर सही करू नका. रियाज चालू राहील, गळा राहील, आणि दुसरा फोन येईपर्यंत तिची गाणी तिची राहतील.