बर्फापेक्षा वाऱ्याला भ्यावे

मुलांच्या परीक्षा आटोपल्या की काश्मीर, मनाली नाहीतर गंगटोक, असे हल्ली बहुतेक घरांत ठरलेलेच असते. स्वेटर, कानटोप्या, प्रवासातला चिवडा, सगळे आपण आठवणीने भरतो. हिमस्खलनाचा विचार मात्र मनाला शिवत नाही. ते सियाचीनवरच्या जवानांच्या वाट्याचे, आपल्या नव्हे, असे वाटते. पण ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नाथू लाच्या रस्त्यावर बर्फ कोसळला आणि सात पर्यटक प्राणांस मुकले. परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते. मंडळी त्याच्याही पुढे गेली होती.

बर्फ पडतोय तोवरच धोका, तो थांबला आणि ऊन पडले की झाले, अशी आपली समजूत. “आकाश बघ किती निळं आहे!” म्हणून यजमान उत्साहाने निघतात. मैत्रिणींनो, फसवा दिवस तोच बरे का! रात्री वारा सुटला असेल तर नवा बर्फ न पडताही डोंगराची एक बाजू बोडकी होते आणि आडोशाच्या बाजूला सगळा बर्फ जाऊन साठतो. वाऱ्याने कणांचा चुरा होऊन त्याचा घट्ट थर बसतो. खाली जुना बर्फ साखरेच्या दाण्यांसारखा सुटा असला की मग पाहायलाच नको. ताटात साखर पसरून तिच्यावर वडी थापा आणि ताट तिरपे करा. अख्खी वडी सरकते की नाही? इथे ताट तिरपेच असते. घरच्या जिन्याइतका चढ त्याला पुरतो, आणि थर मोडायला एका माणसाचे वजन. पुष्कळदा अपघातात सापडलेल्यांच्याच पावलांनी तो सुटलेला असतो.

ओळखायचे कसे? कड्यावरून धुरासारखा बर्फ उडत असतो. माथ्यावर बर्फाची वळचण पुढे आलेली दिसते. पायाखाली ‘धप्’ असा पोकळ आवाज येतो, भेगा पळतात. असे काही दिसले की तिथूनच मागे फिरावे.

गुलमर्गची गोंडोला दोन टप्प्यांची. दुसरा टप्पा अफरवतच्या अंगाखांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरवर नेतो. वाऱ्यामुळे तो बंद ठेवला की खिडकीपाशी केवढी कुरकुर चालते! “एवढ्या लांबून आलो, पैसे गेले...” अहो, जाऊ देत. याच अफरवतवर १ फेब्रुवारी २०२३ रोजी दोन पोलिश स्कीपटू गाडले गेले. ते तर सरावलेले लोक. गाडलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढले तरच खरी आशा. थांबलेला बर्फ इतका घट्ट बसतो की नुसत्या हातांनी उकरत नाही, आणि आपल्यापैकी फावडे कोण नेते?

तेव्हा निघण्यापूर्वी हॉटेलात विचारावे, रात्री वारा होता का, इशारा आहे का? चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था जिल्हावार इशारे देते. घोडेवाला “थोडं पुढे, मॅडम” म्हणाला तरी मनाई असेल तिथे पाऊल टाकू नये. आणि मुलांना बर्फात लोळायचेच असेल तर गुलमर्गचे मैदान भरपूर मोठे आहे. उतारापासून चांगले लांब, मधोमध बसवावे. सुटलेला बर्फ पायथ्याशी थांबत नाही, सपाटीवरही पुष्कळ पुढे येतो.