उष्ण हवामानातील टोमॅटोसाठी सेंद्रिय मृदा व्यवस्थापन

उष्ण हवामानातील टोमॅटोसाठी सेंद्रिय मृदा व्यवस्थापन म्हणजे शेणखत, कंपोस्ट, हिरवळीची खते, पेंडी आणि आच्छादन यांच्या साहाय्याने जमिनीची सुपीकता, ओलावा व तापमान टोमॅटोच्या मुळांना मानवेल असे राखण्याची पद्धत होय. उष्ण प्रदेशात मुळांना अन्नद्रव्ये पुरविण्याइतकेच मुळांभोवतीचा ओलावा सम राखणेही महत्त्वाचे असते. महाराष्ट्रात जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या उन्हाळी टोमॅटोची फळधारणा ऐन उन्हात होत असल्याने तेथे या पद्धतीचे महत्त्व विशेष आहे.

उष्णतेचे परिणाम

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातील आहे. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास परागकणांची क्षमता घटते आणि फुलगळ होते. तापमान सतत ३० अंशांहून अधिक राहिल्यास फळाला लाल रंग देणारे लायकोपीन हे द्रव्य कमी तयार होते व फळे पिवळट राहतात.

उष्णतेचा परिणाम जमिनीवरही होतो. माती गरम व ओलसर असताना सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थांचे विघटन वेगाने करतात. त्यामुळे एका हंगामात घातलेले खत फार काळ टिकत नाही आणि दरवर्षी नवी भर घालावी लागते. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यापेक्षा कमी आढळल्यास ती जमीन या बाबतीत निकृष्ट समजली जाते.

सेंद्रिय पदार्थांची भर

लागवडीपूर्वी हेक्टरी सुमारे २० ते २५ टन चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळतात. ताजे शेण वापरणे हानिकारक असते. ते मातीत कुजताना उष्णता व अमोनिया बाहेर पडून कोवळ्या मुळांना इजा होते, तसेच हुमणी व वाळवी यांचा उपद्रव वाढतो. कंपोस्टच्या ढिगातील तापमान काही दिवस ५५ अंशांच्या वर राहिल्यास तणांचे बी आणि बरेचसे रोगजंतू नष्ट होतात.

कंपोस्ट करण्याच्या दोन प्रसिद्ध पद्धतींचा उगम भारतातच झाला. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथील संशोधन संस्थेत काम करताना ‘इंदूर पद्धत’ विकसित केली. तिचे विवेचन करणारा त्यांचा आणि यशवंत वाड यांचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रकाशित झाला. विदर्भातील नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या ‘नाडेप’ पद्धतीत झरोके ठेवलेल्या विटांच्या हौदात काडीकचरा, शेण व माती यांचे थर रचतात. थोड्या शेणात पुष्कळ खत तयार होणे हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे.

ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या सुमारास जमिनीत गाडणे हा शेणखताला पूरक उपाय होय. मात्र नत्राचे प्रमाण फार वाढू देऊ नये. तसे झाल्यास झाड पानांनी माजते आणि फळधारणा कमी होते.

ओलावा आणि चुना

टोमॅटोच्या फळाचा देठाविरुद्धचा भाग काळा पडून खोलगट होतो. या विकृतीला ‘ब्लॉसम एंड रॉट’ म्हणतात. ही विकृती फळातील कॅल्शियमच्या कमतरतेमुळे होते, म्हणून जमिनीत चुना टाकणे हा उपाय अनेकदा सुचविला जातो. परंतु दख्खनच्या पठारावरील काळ्या जमिनींत बहुधा कॅल्शियम विपुल असते, तरीही तेथे ही विकृती आढळते. याचे कारण असे की, कॅल्शियम मुळांनी शोषलेल्या पाण्याबरोबरच झाडात वाहते. तीव्र उन्हात पाने बाष्पोत्सर्जनासाठी पाण्याचा मोठा भाग ओढून घेतात आणि माती कोरडी पडताच फळाकडे जाणारा पुरवठा तुटतो. अशा जमिनीत आणखी चुना टाकल्याने लाभ होत नाही; उलट सामू वाढून लोह व जस्त यांची उपलब्धता घटते.

म्हणून ओलाव्यातील चढउतार टाळणे हाच येथे मुख्य उपाय ठरतो. उसाचे पाचट, भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड यांचे ५ ते १० सेंटिमीटर जाडीचे आच्छादन बाष्पीभवन कमी करते, माती थंड ठेवते आणि काळ्या जमिनीला भेगा पडण्यास आळा घालते. आच्छादन खोडाला चिकटू देत नाहीत. सुके काड मातीत मिसळल्यास ते कुजताना सूक्ष्मजीव मातीतील नत्र वापरतात व पीक तात्पुरते पिवळे पडते; म्हणून ते पृष्ठभागावरच ठेवतात. गादीवाफे आणि ठिबक सिंचन यांमुळे थोडे पाणी वरचेवर देता येते. बराच ताण दिल्यावर एकदम भरपूर पाणी दिल्यास फळे तडकतात.

सामू

टोमॅटोला ६ ते ७ दरम्यानचा सामू मानवतो. कोकण व गोवा येथील जांभ्या जमिनी आम्लधर्मी असल्याने तेथे परीक्षणानुसार चुना किंवा लाकडाची राख उपयोगी पडते. पठारावरील चुनखडीयुक्त जमिनीत मात्र राख टाळावी आणि कंपोस्टवर भर द्यावा. एकाच उपायाचे परिणाम दोन प्रदेशांत परस्परविरुद्ध होत असल्याने माती परीक्षण आवश्यक ठरते.

जमिनीतून होणारे रोग

उष्ण व ओलसर मातीत जिवाणूजन्य मर, फ्युजेरियम मर आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी यांचा प्रादुर्भाव होतो. वांगी, मिरची व बटाटा ही टोमॅटोच्याच कुळातील पिके असल्याने त्यांच्यानंतर टोमॅटो घेणे टाळतात. तृणधान्यांशी फेरपालट, झेंडूची लागवड, निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी यांचा वापर करतात. एप्रिल-मे महिन्यांत ओलवलेली जमीन चार ते सहा आठवडे पारदर्शक प्लॅस्टिकने झाकून उन्हाने तापविल्यास वरच्या थरातील अनेक रोगजंतू कमी होतात. त्यानंतर कंपोस्ट घालून उपयुक्त सूक्ष्मजीवांची वाढ पुन्हा साधावी लागते.

मर्यादा

मातीची निगा उत्तम असली तरी अतिउष्णतेने होणारी फुलगळ आणि पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पर्णगुच्छ हा विषाणूजन्य रोग केवळ तिच्यामुळे टळत नाहीत. त्यांसाठी योग्य वाण, लागवडीची वेळ आणि सावली यांचा विचार करावा लागतो. तसेच सेंद्रिय पदार्थांचा परिणाम एका हंगामात पूर्णपणे दिसत नाही. मातीची जलधारणशक्ती काही वर्षांच्या सातत्याने वाढते.