घोरणारे बाबा आणि कुकरचे झाकण

दवाखान्यात पेशंटचे खरे दुखणे बहुतेक वेळा तिसऱ्या वाक्यात बाहेर पडते. पहिले वाक्य, 'जरा अॅसिडिटी वाढली आहे.' दुसरे, 'झोप लागत नाही.' मग प्रेशर मोजून होते, पट्टा सुटतो आणि तिसरे वाक्य येते, 'डॉक्टर, आता तुम्हीच ह्यांना काहीतरी सांगा.' हे 'काहीतरी' म्हणजे कधी नवऱ्याचे घोरणे, कधी सासूबाईंची मिश्री, तर कधी माहेरी गेलेल्या सुनेने सोबत नेलेला प्रेशर कुकर. यावर औषध कंपन्यांनी अजून गोळी काढलेली नाही. म्हणून आजचा लेख.

आमच्या मोहने-आंबिवलीत या तक्रारींना थोडा इतिहास आहे. एनआरसी कंपनी चालू होती तेव्हा घरातली माणसे पाळ्यांमध्ये वाटलेली असत. वडील रात्रपाळीला, काका पहिल्या पाळीला, मुले शाळेत. दोन खोल्यांत सात माणसे सहज मावत, कारण सातही जण एकाच वेळी घरात क्वचितच असत. २००९ मध्ये कंपनी बंद पडली आणि कर्ती माणसे एकदम घरी बसली. पगार गेला ते दुःख मोठेच, त्याची थट्टा होऊ शकत नाही. पण त्यामागून एक लहान दुःखही आले. ज्या नवऱ्याचे घोरणे पंचवीस वर्षे निम्मेच ऐकले होते, ते आता महिन्याचे तीसही दिवस ऐकू येऊ लागले.

अशा गोष्टी डॉक्टरला विचाराव्यात की नाही, असा संकोच वाचकांना वाटतो. तो सोडून द्या. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि लोक जे घरात कुजबुजतही नसत, त्या प्रश्नांना छापून उत्तरे दिली. त्यापायी त्यांच्यावर खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू मुंबई हायकोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. त्यांच्या मानाने आपला विषय अगदीच सोवळा आहे.

घोरणे : थट्टा की लक्षण?

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासाची वाट अरुंद होते आणि टाळूचा मऊ भाग थरथरतो. तोच आवाज. वजन वाढले, पाठीवर उताणे झोपले किंवा रात्री 'थोडीशी' घेतली की आवाज वाढतो. कुशीवर झोपणे, वजन उतरवणे आणि ती थोडीशी बंद करणे, एवढ्यानेही पुष्कळ घरांत शांतता नांदते.

पण बायकोने एक गोष्ट नीट ऐकावी. घोरता घोरता आवाज मध्येच थांबतो का? दहा सेकंद किंवा जास्त सगळे शांत, आणि मग दचकल्यासारखा मोठा श्वास? शिवाय दिवसा बसल्याजागी डुलकी, सकाळी डोके जड, प्रेशर वाढलेले? असे असेल तर ती सवय नव्हे, तो झोपेत श्वास अडण्याचा आजार आहे. त्याची तपासणी होते, उपाय आहेत, आणि दुर्लक्ष केले तर हृदयावर आणि मेंदूवर ताण येतो. स्वतः घोरणाऱ्याला यातले काहीच कळत नाही, म्हणून दवाखान्यात येताना साक्षीदार सोबत आणावा. मुलाने फोनवर आवाज रेकॉर्ड केला असेल तर तो नातेवाइकांना ऐकवण्याआधी डॉक्टरला ऐकवावा.

सकाळचा शंख

काही घरांत सकाळ कोंबड्याने होत नाही, मोरीतल्या खाकरण्याने होते. जीभ घासणे चांगले, पण ओकारी येईपर्यंत घशात बोटे घालण्याने पोट साफ होत नाही. घशाला सूज मात्र येते. आता महत्त्वाचे. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, संध्याकाळी बारीक ताप येत असला, वजन उतरत असले, तर 'त्यांची जुनी सवय आहे' म्हणून सोडू नका. सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते, क्षयाची औषधेही मोफत मिळतात. घरात नातवंडे खेळत असतील तर ही तपासणी उद्यावर ढकलू नये.

वारा

या विषयावर घरात दोनच प्रकारची माणसे असतात. एक कबूल करणारी आणि दुसरी लहान मुलाकडे बोट दाखवणारी. निरोगी माणसाला दिवसातून दहा ते वीस वेळा वारा सरतो. हा आकडा मी सांगितला की निम्म्या पेशंटांच्या चेहऱ्यावर समाधान पसरते. वाल, पावटे, हरभरा यांतल्या काही साखरा लहान आतड्यात पचत नाहीत. पुढे मोठ्या आतड्यातले जंतू त्यांवर ताव मारतात आणि वायू तयार होतो. बिरड्यावर बंदी घालण्याचे कारण नाही. कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, मोड येऊ द्या, नीट शिजवा. जेवताना बोलणे आणि भराभर गिळणे कमी केले तर पोटात हवाही कमी जाते. मात्र पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली, शौचातून रक्त गेले किंवा विनाकारण वजन घटले, तर विनोद बंद करून दवाखाना गाठावा.

मिश्री, गुटखा आणि एकच टॉवेल

सासूबाई म्हणतात, 'मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते.' मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती हिरडीवर पाच मिनिटे ठेवायला शरीर 'घासणे' म्हणत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो खाणारे तोंड रोज दिसते. घरच्या घरी एक परीक्षा करा. आपलीच तीन बोटे, एकावर एक अशी उभी, तोंडात जातात का पाहा. जात नसतील, गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर लगेच दाखवा. सोडायची इच्छा असेल तर १८००११२३५६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

आणि तो खुंटीवरचा एकच टॉवेल! एकोपा दाखवायला इतर मार्ग आहेत. एकाचा नायटा सगळ्या घराला होतो, मग दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम येते, चार दिवस बरे वाटते आणि नायटा अधिक चिवट होऊन परततो. दाढीचे पाते आणि ब्रश तर कोणाशीच वाटून घेऊ नये. त्यातून काविळीचा 'ब' विषाणू पसरू शकतो.

सांगायचे कसे?

औषधापेक्षा हा भाग अवघड. माझे चार नियम आहेत. पहिला, पाहुण्यांसमोर सांगायचे नाही. चारचौघांत लाजवलेला माणूस सवय सोडत नाही, उलट हट्टाने जपतो. दुसरा, एका वेळी एकच सवय. यादी वाचायला हे किराणा दुकान नव्हे. तिसरा, 'तुम्ही नेहमीच' ने वाक्य सुरू करू नका. 'अहो, मला रात्री झोप लागत नाही, आपण एकदा डॉक्टरांना दाखवू या' हे ऐकले जाते. 'तुम्ही नेहमीच रेड्यासारखे' हे ऐकले जात नाही. चौथा, ज्याच्या रक्ताचे नाते त्याने सांगावे. सासूबाईंची मिश्री सुनेने काढली तर महाभारत होते. मुलाने 'आई, एकदा तोंड दाखवून येऊ' म्हटले तर रिक्षा बोलावता येते.

एक गोष्ट मात्र या यादीत बसत नाही. 'ह्यांना हात उगारायची सवय आहे,' असे खालच्या आवाजात सांगणाऱ्या बायका येतात. मारणे ही सवय नव्हे. त्यावर विनोदही नाही आणि समजूतदारपणाचा सल्लाही नाही. २००५ चा कायदा त्यासाठीच आहे, आणि १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे.

आणि जमलेच नाही तर?

कधी साखरपुडा मोडतो, कधी चार वर्षांचे प्रेम, कधी संसार. माणसे वेगळी होतात आणि भांडण मात्र एकत्र नांदत राहते. माझ्याकडे दोन विहीणबाई वेगवेगळ्या दिवशी येत. दोघींचे प्रेशर चढलेले. जोडपे दोन वर्षांत वेगळे झाले होते. वाटणीत कुकर मुलीकडे गेला आणि झाकण मोहन्यातच राहिले. चार महिने दोन्ही घरांत डाळ उघड्या पातेल्यात शिजत होती. मी हिशेब मांडून दाखवला. माझी फी आणि प्रेशरच्या गोळ्या मिळून दोन्ही घरांत एकेक नवा कुकर आला असता. पण भांडण झाकणाचे नव्हतेच. 'आम्हीच का नमते घ्यायचे' याचे होते. शेवटी भाच्याने झाकण पिशवीत घालून पोचवले. निरोप काही दिला नाही. महिन्याभराने एका विहीणबाईंचे प्रेशर उतरले. दुसऱ्यांचे उतरले नाही, कारण त्या लोणचे सोडायला तयार नाहीत.

या भांडणांचा शरीराला भार होतो हे खरे आहे. तीव्र मानसिक धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगून अशक्त होतो. छातीत दुखते, ईसीजी बदलतो, हुबेहूब झटका वाटतो. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये याचे वर्णन केले आणि अष्टपाद पकडायच्या मडक्यावरून त्याला 'ताकोत्सुबो' म्हटले. पाळी गेलेल्या बायकांत तो जास्त दिसतो आणि बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. पण छातीत दुखले तर ते मन आहे की हृदय हे घरी ठरवू नका. ईसीजी काढा.

वाटणीसाठी काही साध्या सूचना. बैठक सकाळी, नाश्ता झाल्यावर घ्या. भुकेला माणूस तडजोड करत नाही आणि संध्याकाळी प्यालेला तर मुळीच नाही. दोन्हीकडचे एकेक शांत माणूस बसवा. सगळ्या वस्तूंची यादी एकाच कागदावर करा, खाली तारीख आणि सह्या. स्टीलच्या भांड्यांचे काम सोपे. 'मामाकडून सप्रेम भेट' असे कोरलेलेच असते. दागिन्यांबाबत तर वाद घालूच नका. स्त्रीधन हे पूर्णपणे तिचेच, असे सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये सांगितले आहे. एकमेकांचे खासगी फोटो असतील तर दोघांनी पुसून टाकावेत. ते पसरवणे हा गुन्हा आहे. कायद्याचा सल्ला हवा असेल तर स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो. त्यासाठी क्रमांक १५१००.

रात्री दहानंतर जुन्या माणसाला संदेश पाठवू नका. मनातले कागदावर लिहा, उशीखाली ठेवा, सकाळी चहा पिऊन वाचा. त्यातले नव्वद टक्के पाठवावेसे वाटत नाही, आणि उरलेले दहा टक्के वकिलाने पाठवलेले बरे.

पोटात साठलेले निरोप

आता थट्टा बाजूला. आठ वर्षांच्या एका मुलाचे पोट दर शनिवारी संध्याकाळी दुखायचे. तपासण्या झाल्या, सगळे ठीक. रविवारी तो वडिलांकडे जायचा. त्याला एकट्याला बसवून विचारले तेव्हा तो बोटांवर मोजू लागला. 'आईने सांगितलेय की फीचे पैसे द्या. बाबा म्हणतात, आईला सांग स्वतः माग. आजी विचारते, तिकडे कोण येते.' एवढासा जीव, आणि टपाल केवढे! मी आईवडिलांना एवढेच सांगितले की एक वही करा, पैशांचे आणि वेळेचे त्यात लिहा, आणि मुलाच्या तोंडून एकही निरोप पाठवू नका. त्याच्यासमोर दुसऱ्याला नावेही ठेवू नका, कारण मूल निम्मे त्याचेच असते. दोन महिन्यांत शनिवार मोकळा झाला. (मूल रात्री पोटदुखीने जागे होत असेल, वजन वाढत नसेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर मात्र आधी शरीराची तपासणी.)

नाते तुटल्यावर रडू येणे, चार दिवस जेवण न जाणे हा आजार नव्हे. पण दोन आठवडे झोप, भूक, काम काहीच जागेवर येत नसेल तर दाखवायला हवे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच संस्था आहे, आणि १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते. कोणी 'आता जगून काय करू' म्हणाले तर 'वेड्यासारखे बोलू नकोस' म्हणून गप्प बसवू नका. सरळ विचारा, 'जीव द्यायचे मनात येते का?' विचारल्याने तसा विचार सुचत नाही. उलट मन मोकळे होते. त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

बाकी घोरणाऱ्यांना कुशीवर वळवा, टॉवेल माणशी एक करा, आणि कोणाचे झाकण तुमच्याकडे राहिले असेल तर या रविवारी पोचते करा.