जननेंद्रियाची खाज आणि पुळ्या : कारणे व उपचार

गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते, त्याआधी अशी तपासणी मात्र फक्त ८ टक्के स्त्रियांची झाली होती. म्हणजे त्रास सर्रास होता, पण तो सांगितला जात नव्हता. आज शहपुऱ्यासारख्या गावातून जबलपूरला शिकायला येणारी मुलगीही बहुधा गप्पच राहते. मी अभियांत्रिकी शिकवते, डॉक्टर नाही. पण दोष ओळखल्याशिवाय दुरुस्ती करू नये, हा नियम इथेही लागू आहे.

खाजेची कारणे

१. बुरशी (कॅन्डिडा) : दह्यासारखा पांढरा स्राव, आग, लाली. प्रतिजैविके घेतल्यावर, गरोदरपणात व मधुमेहात जास्त. उपचार क्लोट्रिमॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल. गरोदरपणी फ्लुकोनॅझोलची गोळी टाळतात.
२. जिवाणूंचा असमतोल : माशासारखा वास, पातळ करडा स्राव, खाज कमी. उपचार मेट्रोनिडॅझोल.
३. ट्रायकोमोनास : फेसाळ, हिरवट-पिवळा स्राव. हा संबंधातून पसरतो, म्हणून जोडीदारालाही औषध लागते.
४. नायटा : जांघेत कडेने वाढणारे गोल चट्टे.
५. खरूज : रात्री वाढणारी खाज, घरात इतरांनाही. पर्मेथ्रिन मलम सर्वांनी एकाच वेळी लावावे.
६. साबण, सुगंधी पॅड यांची ॲलर्जी : कारण टाळले की आराम पडतो.

पुळ्या कशाच्या?

केस काढल्यानंतर मुळाशी येणाऱ्या पुळ्या बहुधा साध्या असतात. काही दिवस केस काढणे थांबवा, गरम पाण्याने शेका. दुखरे पाण्याचे फोड हर्पिसचे असू शकतात. त्यावर ॲसायक्लोव्हिर देतात. न दुखणारे, फुलकोबीसारखे चामखीळ एचपीव्ही विषाणूमुळे येतात. योनीमुखाच्या एका बाजूची सुजलेली, दुखरी गाठ बार्थोलिन ग्रंथीची असू शकते.

काय टाळावे?

दुकानदाराने दिलेले स्टिरॉइडमिश्रित मलम लावू नका. खाज तात्पुरती थांबते, नायटा मात्र पसरतो आणि ओळखूही येत नाही. योनी आतून धुऊ नका. निरोगी योनीचा पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो, हे आम्ल तिथले उपयुक्त जिवाणूच तयार करतात आणि धुण्याने ते नष्ट होतात. बाहेरून साधे पाणी पुरे. सुती अंतर्वस्त्रे वापरा, ओली लगेच बदला.

डॉक्टरांकडे केव्हा?

फोड, जखम, ताप, ओटीपोटात दुखणे, दुर्गंधी किंवा गरोदरपण असेल तर लगेच जा. बुरशी पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातील साखर तपासा. अनेक सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. तिथे तपासणी व औषध मोफत मिळते आणि माहिती गुप्त ठेवली जाते. स्त्री डॉक्टर हवी असल्यास तसे सांगा. अविवाहित आहात म्हणून संकोचू नका : वरील यादीतील निम्म्याहून अधिक कारणे लैंगिक संबंधाशिवायही उद्भवू शकतात.