घरातली औषधे – भाग 6 : सेटिरिझिनची पूर्ण गोळी कोणाला?

अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की अजूनही अनेक घरांत आधी आमसुलाचे पाणी चोळतात. खाज थांबली नाही की मग औषधांच्या डब्यात सेटिरिझिनची पट्टी शोधली जाते. आपण पित्त म्हणत असलो तरी या गांधींचा पोटातल्या पित्ताशी संबंध नसतो. त्वचेतल्या पेशी हिस्टामिन नावाचे रसायन सोडतात, त्यामुळे कातडी सुजते आणि खाजते. नाकात तेच रसायन सुटले तर शिंकांची माळ लागते. सेटिरिझिन हिस्टामिनची जागा अडवते. म्हणूनच एकच गोळी सर्दीलाही चालते आणि गांधींनाही.

10 मिलिग्रॅमची ही गोळी चिठ्ठीशिवाय सहज मिळते आणि घरात सगळ्यांना सारखीच वाटली जाते. नातू बारा वर्षांचा, वडील पन्नाशीचे, आजी अठ्ठ्याहत्तरची. गोळी एकच.

मागच्या भागात पॅरासिटामॉलच्या निमित्ताने यकृत पाहिले. या वेळी मूत्रपिंड पाहायला हवे. हायड्रॉक्सिझिन हे 1956 पासून वापरात असलेले, चांगलीच झोप आणणारे औषध. यकृत त्याचे रूपांतर ज्या पदार्थात करते, तोच सेटिरिझिन. त्यामुळे यकृताला इथे फारसे काम उरत नाही. सुमारे 70 टक्के औषध लघवीवाटे, बहुतांशी जसेच्या तसे बाहेर पडते. निरोगी प्रौढात त्याचे रक्तातले प्रमाण साधारण आठ तासांत निम्मे होते. मूत्रपिंड मध्यम प्रमाणात अशक्त असेल तर याच कामाला जवळपास तिप्पट वेळ लागतो. मग कालची गोळी पुरती उतरलेली नसताना आजची तिच्यावर चढते.

आजीचा मूत्रपिंडाचा रिपोर्ट तर चांगला आहे, रक्तातले क्रिएटिनिन 1.0, असे घरचे म्हणतात. खरी फसगत इथेच होते. मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळते याचा अंदाज घ्यायला कॉकरॉफ्ट आणि गॉल्ट यांचे 1976 सालचे सूत्र डॉक्टर आजही वापरतात : 140 मधून वय वजा करा, किलोतल्या वजनाने गुणा, क्रिएटिनिनच्या 72 पटीने भागा; रुग्ण स्त्री असेल तर आलेल्या आकड्याला 0.85 ने गुणा. तीस वर्षांच्या, 65 किलो वजनाच्या तरुणाचे क्रिएटिनिन 1.0 असेल, तर उत्तर येते मिनिटाला 99 मिलिलिटर. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, 45 किलोच्या आजींचे क्रिएटिनिनही 1.0 च असेल, तर उत्तर येते 33. क्रिएटिनिन स्नायूंतून येते, आणि आजींच्या अंगावर स्नायू उरलेत किती! 33 या आकड्याला दिवसाला 5 मिलिग्रॅम, म्हणजे अर्धीच गोळी योग्य. आकडा 30 च्या खाली गेला तर तीच अर्धी गोळी एक दिवसाआड. डायलिसिसवर असलेल्यांनी हे औषध टाळावे, असे युरोपातील माहितीपत्रक सांगते, कारण डायलिसिसने ते फारसे निघून जात नाही.

झोप न आणणारी गोळी, ही ख्यातीही अर्धीच खरी. अमेरिकेतील चाचण्यांत 10 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी सुमारे 14 टक्क्यांना गुंगी आली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 6 टक्के होते. रात्री बाथरूमला उठणाऱ्या म्हातारीसाठी ही गुंगी म्हणजे पडण्याचे, हाड मोडण्याचे भय. प्रोस्टेटमुळे लघवी अडकत असेल, फिट येत असतील किंवा मद्य घेतले जात असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आईनेही विचारूनच घ्यावी. औषध दुधात उतरते.

मुलांच्या बाबतीत चूक बहुधा मोजण्यात होते. नेहमीच्या सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 5 मिलिग्रॅम औषध असते. दोन ते सहा वर्षांच्या मुलाला 2.5 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 5 मिलिग्रॅम दोनदा, ही युरोपातील प्रचलित मात्रा. दोन वर्षांखालील बाळाला डॉक्टरांशिवाय नाही. बाटलीच्या टोपणावर 2.5 ची बारीक रेघ असते. टोपण डोळ्यांच्या पातळीत धरले तरच ती नीट दिसते. स्वयंपाकघरातला चमचा कधी तीन मिलिलिटरचा निघतो, तर कधी सातचा. थेंबांच्या बाटलीतले औषध तर बरेच दाट असते. युरोपात मिळणाऱ्या थेंबांत एका मिलिलिटरमध्येच 10 मिलिग्रॅम असते, म्हणजे सिरपच्या दहापट.

पट्टीवर लिवोसेटिरिझिन असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. तिथे 5 मिलिग्रॅम हीच प्रौढांची पूर्ण मात्रा. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांतही या दोहोंपैकी एक असते, आणि नाव वेगळे म्हणून दोन्ही घेतल्या जातात. गांधी वर्षानुवर्षे उठत असतील तर त्वचारोगतज्ज्ञ क्वचित चौपट मात्राही देतात, पण ती त्यांच्या देखरेखीखालीच.

आणखी एक गोष्ट नव्याने पुढे आली आहे. महिनोन् महिने रोज घेतलेली गोळी अचानक बंद केली की एक-दोन दिवसांत, क्वचित, अंगभर असह्य खाज सुटते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे 2025 मध्ये अशा 209 नोंदींचा दाखला देत इशारा दिला. बहुतेकांची खाज गोळी पुन्हा सुरू करताच थांबली. काहींना नंतर मात्रा हळूहळू उतरवून गोळी सोडता आली.

(पुढील भागात : लहान मुलांची खोकल्याची औषधे)