आठपट पाण्याची अट

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशभरातल्या नद्यांचे 311 प्रदूषित पट्टे नोंदले आहेत. त्यांतले 55, म्हणजे सर्व राज्यांत सगळ्यांत जास्त, महाराष्ट्रातले. अशी यादी आली की सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची मागणी होते. केंद्रं हवीतच. पण ती बांधली की नदी सुधारते, ही समजूत ज्या आकड्यावर उभी आहे, त्याला जोडलेली अट आपण विसरून गेलो आहोत.

तो आकडा बीओडीचा. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू दर लिटरमागे किती मिलिग्रॅम प्राणवायू खातात, त्याचं हे माप. ते रूढ केलं ब्रिटनच्या सांडपाण्यावरच्या रॉयल कमिशननं. 1898 साली नेमलेल्या या कमिशननं 1912 च्या आठव्या अहवालात नदीत सोडायच्या पाण्याला 20 ची मर्यादा घातली. त्यामागचं गणित इतकं देखणं आहे, की ते मांडल्यावाचून राहवत नाही. नदीचा बीओडी 4 च्या वर गेला की ती नासू लागते, असा कमिशनचा निष्कर्ष होता. स्वच्छ नदीचा बीओडी धरला 2. आता 20 बीओडीचं एक माप पाणी नदीच्या आठ मापांत मिसळा. बेरीज 36, मापं 9, उत्तर बरोबर 4! म्हणजे नदीत किमान आठपट स्वच्छ पाणी वाहतं आहे, हे गृहीत धरूनच 20 हा आकडा आला होता. परिस्थितीनुसार मर्यादा कडक किंवा सैल करण्याची मुभाही कमिशननं ठेवली होती. पुढे आकडा जगभर गेला, अट मात्र अहवालातच राहिली.

हेच गणित आपल्या नद्यांना लावून पाहू. आंघोळीयोग्य पाण्याचा बीओडी 3 च्या आत हवा. सांडपाणी 30 पर्यंत शुद्ध केलं, तर 3 गाठायला नदीत 27 पट स्वच्छ पाणी लागतं. 20 पर्यंत केलं, तर 17 पट. राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्ये 10 ची कडक मर्यादा सांगितली, तिलाही सातपट लागतं. पुण्यात मुठेचं पाणी खडकवासला आणि त्याच्या वरच्या तीन धरणांत अडतं. उन्हाळ्यात शहरातल्या पात्रात वाहतं ते मुख्यतः शहराचंच सांडपाणी. ते मिसळायला स्वच्छ पाणीच नसेल, तर उत्तम केंद्रातून 10 चं पाणी सोडलं तरी नदी 10 वरच राहणार. शिवाय इंग्लंडमधली चाचणी सुमारे 18 अंशांना होत असे. आपल्याकडची 27 अंशांना होते आणि पाच दिवसांऐवजी तीन दिवसांत उरकते, कारण उबदार पाण्यात कुजणं वेगानं होतं. त्याच पाण्यात प्राणवायू मात्र कमी विरघळतो. म्हणून आठपटीची अट आपल्याला इंग्लंडपेक्षा कडकच लागू पडते.

यावर आक्षेप येतो, की पाणी ओतून घाण पातळ करणं ही प्रदूषणाला दिलेली सूट आहे. शुद्धीकरण टाळलं तर ते खरंच आहे. 200 बीओडीच्या कच्च्या मैल्याला याच हिशोबानं 197 पट पाणी लागेल, आणि तेवढं कुठल्याच धरणात नाही. म्हणून आधी केंद्रं, हे निर्विवाद. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पिण्याला आणि शेतीला पाणी पुरत नसताना नदीसाठी कुठून आणायचं? पण पर्याय एवढे दोनच नाहीत. पुण्यातल्या मुंढव्याच्या जॅकवेलमधून शुद्ध केलेलं सांडपाणी कालव्यात सोडून शेतीला दरवर्षी साडेसहा टीएमसी द्यायची योजना आहे. ते शेतीला चालेल इतकं शुद्ध असेल, तर तेवढं धरणाचं पाणी मोकळं होतं आणि नदीतली घाणही तेवढी घटते. प्रश्न एवढाच, की मोकळं झालेलं पाणी नदीच्या नावावर लिहिलं जाईल, की शहराची वाढती मागणी ते गिळेल? गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी 2018 च्या अधिसूचनेनं धरणांखाली महिनावार किमान प्रवाह ठरवून दिला: हिवाळ्यात सरासरीच्या 20 टक्के, पावसाळ्यात 30 टक्के. मुठेसाठीही असा आकडा ठरवायला हवा, आणि तो शुद्धीकरण केंद्रांच्या आराखड्यातच हवा. नदीत किती पाणी राहणार हे ठरल्याशिवाय केंद्रातून किती शुद्ध पाणी सोडायचं, हेही ठरवता येत नाही.