संशोधकाचे ऋण आणि त्याची परतफेड

१९७३ साली अमेरिकेत निक्सन प्रशासनाने आपल्या अंदाजपत्रकात एक सरळ हिशेब मांडला होता. वैद्यकीय संशोधक होण्यासाठी प्रशिक्षण घेणारा तरुण पुढे चांगली मिळकत करणार असेल, तर त्याच्या शिक्षणाचा भार सरकारने का वाहावा? त्याने कर्ज काढावे, शिकावे आणि कर्ज फेडावे. त्या देशाची राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजेच एनआयएच, विद्यापीठांना संशोधक घडविण्यासाठी जी अनुदाने देत असे, ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा तो प्रस्ताव होता.

आयुष्याचा मोठा भाग बँकेच्या कर्ज विभागात घालविलेल्या माझ्यासारख्याला हा युक्तिवाद प्रथमदर्शनी पटतो. शैक्षणिक कर्जाचे प्रस्ताव तपासताना आम्हीही हेच पाहत असू: अभ्यासक्रम कोणता, पुढे नोकरीची शक्यता किती, हप्ता केव्हापासून सुरू होणार. अभियांत्रिकीच्या मुलाचा प्रस्ताव लवकर मंजूर होई. शुद्ध विज्ञानात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्याचा कागद मात्र टेबलावरून टेबलावर फिरत राही. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. मेंदूतील पेशी एकमेकींशी कशा बोलतात, हे पाच वर्षे शोधणाऱ्या मुलीचा मासिक हप्ता कोणत्या उत्पन्नातून वसूल करावयाचा, हा प्रश्न कर्जाच्या चौकटीत सुटतच नाही. तिच्या कामाचा लाभ कदाचित वीस वर्षांनी एखाद्या अपस्माराच्या रुग्णास होईल; तिच्या खात्यात त्यातील एक पैही जमा होणार नाही. लाभ एकाचा आणि कर्ज दुसऱ्याच्या नावावर, असे खाते कोणतीही बँक उघडणार नाही.

अमेरिकी काँग्रेसने या प्रस्तावाला जे उत्तर दिले ते मला फार विचारपूर्वक दिलेले वाटते. १२ जुलै १९७४ रोजी ‘राष्ट्रीय संशोधन कायदा’ संमत होऊन त्यावर स्वाक्षरी झाली आणि त्यातून ‘राष्ट्रीय संशोधन सेवा पुरस्कार’ ही योजना जन्मास आली. नावातील ‘सेवा’ हा शब्द शोभेचा नाही. विद्यावेतन घेणाऱ्याने तितकाच काळ संशोधन वा अध्यापन करून ते फेडावयाचे, अशी अटच त्यात घातली होती. पुढे १९९३ मध्ये पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांना या अटीतून मुक्त करण्यात आले. पीएच.डी.नंतर पुढील प्रशिक्षण घेणाऱ्यांस मात्र ती आजही लागू आहे, आणि तिची रचना हिशेबनिसास आनंद व्हावा अशी आहे. पहिल्या बारा महिन्यांचे प्रशिक्षण हे ऋण; तेराव्या महिन्यापासून प्रशिक्षण चालू ठेवले, तर तो प्रत्येक महिना मागील एका महिन्याची परतफेड म्हणून जमा धरला जातो. दोन वर्षे पूर्ण केली की खाते शून्यावर. मध्येच संशोधन सोडून दुसरीकडे गेलेल्याने आठवड्यास किमान वीस तास आरोग्यविषयक संशोधन वा अध्यापन करून ऋण फेडावे, आणि तेही न केल्यास रक्कम व्याजासह परत करावी. कामाने फेडावयाचे कर्ज, तारण काही नाही, हमीदार नाही. पन्नास वर्षे ही व्यवस्था टिकली आहे.

त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागाकडेही वाचकांनी लक्ष द्यावे. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ पासून सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांचे निरीक्षण चालविले होते. त्यांपैकी ३९९ जणांस उपदंश झालेला होता. पेनिसिलिन हे औषध सहज मिळू लागल्यावरही त्यांना ते देण्यात आले नाही, कारण रोग शेवटपर्यंत कसा वाढतो हे पाहावयाचे होते. १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून हे उघडकीस आले. म्हणून १९७४ च्या कायद्याने एका हाताने तरुण संशोधकांच्या प्रशिक्षणास पैसा दिला, तर दुसऱ्या हाताने मानवी सहभागींच्या संरक्षणासाठी राष्ट्रीय आयोग नेमला. त्या आयोगाच्या बेलमॉन्ट अहवालातील तत्त्वांवर आज जगभरच्या नैतिकता समित्या चालतात. पुढे १९९० च्या सुमारास प्रशिक्षण अनुदान घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठावर जबाबदार संशोधन-आचरण शिकविण्याचे बंधनही आले. संशोधक घडविण्याचा पैसा आणि संशोधकास आवरणारा विवेक एकाच कायद्यात यावेत, हा योग मला विलक्षण वाटतो.

आता या अनुदानाची प्रत्यक्ष रीत. एनआयएचच्या परिभाषेत त्यास ‘टी-३२’ असे रूक्ष नाव आहे. व्यक्तीने अर्ज करावयाचा नसतो, विद्यापीठ करते. आमच्याकडे अमुक इतके मार्गदर्शक आहेत, अमुक विषयांत प्रशिक्षण देऊ, दरवर्षी इतक्या जागा द्याव्यात, असा प्रस्ताव जातो. तज्ज्ञ समिती तो तपासते आणि साधारणतः पाच वर्षांसाठी मंजुरी मिळते. मग त्या जागांवर कोणास घ्यावयाचे हे विद्यापीठ ठरवते. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास जास्तीत जास्त पाच वर्षे, त्यानंतरच्या संशोधकास तीन वर्षे आधार मिळू शकतो. पैशात विद्यावेतन, शिक्षणशुल्काचा वाटा, परिषदेस जाण्याचा प्रवासखर्च असे घटक असतात. विद्यापीठाने प्रशासकीय खर्चापोटी घ्यावयाची रक्कम आठ टक्क्यांवर मर्यादित आहे. संशोधन प्रकल्पांच्या अनुदानांवर मोठी विद्यापीठे पन्नास टक्क्यांहून अधिक दर लावतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आठ टक्क्यांचा अर्थ कळतो: हा पैसा इमारतीचा नव्हे, विद्यार्थ्याचा.

यातील मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे पाठपुरावा. अनुदानाचे नूतनीकरण मागताना विद्यापीठास आपल्या गत पंधरा वर्षांतील प्रशिक्षणार्थींचे पुढे काय झाले, याचे तक्ते द्यावे लागतात. कोण प्राध्यापक झाला, कोण औषध कंपनीत गेला, कोणाची पदवी अर्धवट राहिली, सारे नोंदवावे लागते. आमच्याकडे शेवटचा हप्ता भरला की कर्जदाराची फाइल बांधून कोठीत जाते. तो मुलगा पुढे काय झाला, हे विचारण्यासाठी बँकेकडे रकानाच नसतो.

मेंदूविज्ञानाच्या बाबतीत ही संस्थात्मक रीत विशेष उपयोगी ठरली, आणि त्याचे कारण त्या शास्त्राच्या स्वभावात आहे. मेंदूचा अभ्यास कोणत्याही एका विभागाच्या मालकीचा नाही. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र, रसायनशास्त्र आणि आता संगणकशास्त्र, या सर्वांच्या सीमेवर तो उभा आहे. हार्वर्डमध्ये स्टीफन कफलर यांच्या पुढाकाराने स्वतंत्र चेताजीवशास्त्र विभाग १९६६ मध्ये सुरू झाला. अमेरिकेतील ‘सोसायटी फॉर न्यूरोसायन्स’ ही संस्था १९६९ ची. अशा तरुण शास्त्रात एका प्राध्यापकाच्या प्रकल्पावर नेमलेला विद्यार्थी त्या प्रकल्पापुरतेच शिकतो. एनआयएचमध्येही मेंदूचे काम अनेक घटक संस्थांत वाटलेले आहे: एकीकडे चेतासंस्थेचे विकार व पक्षाघात, दुसरीकडे मानसिक आरोग्य, तिसरीकडे वार्धक्य. यावर त्यांनी तोडगा काढला तो संयुक्त प्रशिक्षण कार्यक्रमाचा. अनेक संस्थांनी पैसा एकत्र करावयाचा आणि पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांतील विद्यार्थ्यांस, त्यांनी अद्याप एखादा रोग वा एखादे गुरू निवडण्यापूर्वीच, मेंदूविज्ञानाचा व्यापक पाया द्यावयाचा. संख्याशास्त्र आणि प्रयोगाची आखणी यांवर त्यात विशेष भर असतो. दहा निरीक्षणांवरून मोठा निष्कर्ष काढण्याची घाई ही या क्षेत्राची जुनी व्याधी आहे. तिच्यावरचा उपचार पहिल्या वर्षीच व्हावा, हे योग्यच.

या योजनेस २००२ पासून रूथ कर्शस्टाइन यांचे नाव आहे. पोलिओच्या लशीची सुरक्षितता तपासण्याच्या कामात मोलाचा वाटा असलेल्या या विकृतिशास्त्रज्ञ १९७४ मध्ये, म्हणजे कायदा झाला त्याच वर्षी, एनआयएचच्या घटक संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या.

येथवर वाचून कोणास वाटेल की लेखक अमेरिकेच्या प्रेमात पडला आहे. तसे नाही. या अनुदानाच्या दारावर एक पाटी आहे: केवळ नागरिक व कायम निवासी. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलामुलींस टी-३२ ची जागा मिळू शकत नाही. माझ्या चुलतभावाची मुलगी तेथे पीएच.डी. करते. तिने मला फोनवर जे सांगितले ते असे: “काका, माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी प्रशिक्षण अनुदानावर आहे. तिने विषय बदलला तरी तिचे विद्यावेतन चालू राहते. माझे पैसे सरांच्या प्रकल्पातून येतात. प्रकल्प संपला की मला आधी सरांचे तोंड पाहावे लागते.” दोघींची बुद्धी सारखी, काम सारखे, मात्र एकीस शिकण्यासाठी पैसे मिळतात, दुसरीस काम करण्यासाठी. हा भेद परदेशी विद्यार्थ्यांपुरताही नाही. २०१२ मध्ये एनआयएचच्याच मनुष्यबळ अभ्यासगटाने, ज्याच्या प्रमुखांत प्रिन्स्टनच्या तत्कालीन अध्यक्ष शर्ली टिल्घमन होत्या, विद्यार्थ्यांचा आधार प्रकल्पांकडून प्रशिक्षण अनुदानांकडे वळवावा अशी शिफारस केली होती. ती फारशी पुढे सरकली नाही. प्राध्यापकास प्रयोगशाळेत हात हवे असतात. ते हात प्रकल्पाच्या पैशातून मिळतात.

विद्यावेतनाची रक्कमही पाहावी. २०२४ साली पीएच.डी.च्या विद्यार्थ्यासाठी ती वर्षास २८,२२४ डॉलर होती, म्हणजे महिन्यास २,३५२. बॉस्टन वा सॅन फ्रान्सिस्कोत एका खोलीचे भाडेच त्यातील मोठा भाग खाते. म्हणून अनेक विद्यापीठे पदरची भर घालतात. पीएच.डी.नंतरच्या संशोधकास आरंभी ६१,००८ डॉलर. एनआयएचच्याच सल्लागार गटाने किमान ७०,००० ची शिफारस केली होती. शिवाय सरकार बदलले की धोरणही हलते, हे २०२५ मध्ये दिसलेच. प्रशासकीय खर्च सर्वत्र पंधरा टक्क्यांवर आणण्याचा आदेश निघाला, तो न्यायालयाने रोखला. आणि काही प्रशिक्षण कार्यक्रम बंदही झाले.

भारताशी या पैशाचा थेट संबंध येतो तो फोगर्टी केंद्रामुळे. १९६८ मध्ये स्थापन झालेले हे एनआयएचचे आंतरराष्ट्रीय केंद्र इतर देशांतील संशोधकांच्या प्रशिक्षणास अनुदान देत आले. एड्सवरील संशोधनासाठी त्यांचा कार्यक्रम १९८८ पासून चालला. पुण्याचे बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांची क्षयरोग व एचआयव्हीवरील दीर्घ भागीदारी आपल्याकडील जाणत्यांस माहीत आहे. ससूनच्या वॉर्डात रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरास संशोधनाची आखणी आणि आकडेवारीचे शास्त्र शिकावयास मिळावे, हे अशा भागीदारीचे खरे फळ.

आपली स्वतःची रीत वेगळी आहे. सीएसआयआर-युजीसीची कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती व्यक्तीस मिळते. जानेवारी २०२३ पासून ती मासिक ३७,००० रुपये आहे, वरिष्ठ टप्प्यावर ४२,०००, घरभाडे भत्ता निराळा. २०१९ पूर्वी आरंभीची रक्कम २५,००० होती. ती वाढावी म्हणून देशभरच्या संशोधक विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरावे लागले. पंतप्रधान संशोधन पाठ्यवृत्तीत ७०,००० ते ८०,००० मिळतात, परंतु तीही निवडक संस्थांतील निवडक व्यक्तींसाठी. व्यक्तीस दिलेल्या पैशाचा गुण असा की, तो पैसा घेऊन विद्यार्थी आपल्या पसंतीच्या गुरूकडे जाऊ शकतो. दोष असा की, त्याला शिकविण्याची जबाबदारी कोणावरच लिखित स्वरूपात राहत नाही. परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल विद्यार्थ्यास पाठ्यवृत्ती मिळते. परंतु पाच वर्षांनी संस्थेस कोणी विचारत नाही की तुम्ही त्यास काय शिकविले. विनियोग प्रमाणपत्र पैसे खर्च झाल्याचे सांगते, माणूस घडल्याचे नव्हे.

संस्थेस प्रशिक्षणासाठी अनुदान देण्याचा प्रयोग आपल्याकडे झालाच नाही, असेही नाही. जैवतंत्रज्ञान विभागाने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून निवडक विद्यापीठांस पदव्युत्तर अध्यापनासाठी थेट साहाय्य दिले आणि त्यातून एक पिढी उभी राहिली. २००८ मध्ये याच विभागाने ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टबरोबर ‘इंडिया अलायन्स’ स्थापन केले. त्याच्या पाठ्यवृत्त्या मुख्यतः व्यक्तींस असल्या तरी रुग्णालयांतील संशोधन केंद्रांसाठीही तेथे निधी आहे. बंगळुरूचे निम्हान्स, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र यांसारख्या संस्था आपापल्या परीने प्रशिक्षण देतातच. उणीव भासते ती जिल्ह्याच्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयांत. तेथे पक्षाघाताचे आणि अपस्माराचे रुग्ण सर्वाधिक येतात, आणि एम.डी. झालेल्या तरुणास संशोधन शिकविणारे कोणी नसते.

वाचकांपैकी अनेक जण कोणत्या ना कोणत्या शिष्यवृत्ती निधीचे विश्वस्त आहेत, म्हणून शेवटी थोडा हिशेब मांडतो. कनिष्ठ पाठ्यवृत्तीच्या दरानेच दोन तरुण डॉक्टरांस वर्षभर आधार द्यावयाचा, तर विद्यावेतनापोटी ८,८८,००० रुपये लागतात. सात टक्के व्याज धरले तर त्यासाठी सुमारे १ कोटी २७ लाखांचा कायम निधी हवा. प्रवास आणि पुस्तकांसाठी थोडा अधिक. आज आपले बहुतेक निधी प्रत्येकी पाच-दहा हजार रुपये शंभर-दोनशे विद्यार्थ्यांस वाटतात, आणि वार्षिक अहवालात नावांची यादी छापतात. ती प्रथा बंद करावी असे मी म्हणत नाही. त्या रकमेने एखाद्या घरची वह्या-पुस्तकांची चिंता खरोखर मिटते. परंतु एखादा मोठा निधी, किंवा चार लहान निधी एकत्र येऊन, एका वैद्यकीय महाविद्यालयाशी असा करार करू शकतात: जागा दोन, निवड तुमची, मार्गदर्शकांची नावे आधी कळवा, प्रशासकीय खर्च आठ टक्क्यांपेक्षा अधिक नाही, आणि प्रशिक्षणार्थी पुढे कोठे गेले याचा तक्ता दरवर्षी पंधरा वर्षे पाठवा. करारनाम्याचा मसुदा दोन पानांत बसतो. पुढील वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो ठेवावयाचा असल्यास सभेची सूचना निघण्यापूर्वी अध्यक्षांस लेखी कळवावे लागेल.